तीन झाडांमधली झोप

दातार मॅडम बसल्या बसल्या झोपायच्या. मान ताठ, चष्मा जागेवर, दोन्ही हात कीबोर्डवर. ठाण्याच्या कोर्टात मी स्टेनो म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून माझी सगळी ओळख सांगितली. नाव, गाव, आधी कुठे नोकरी केली, डोंबिवलीहून येते, घरी सासूबाई आणि दोन मुली. त्या स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणजे मला तसं वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "मॅडम?" तर त्या ताबडतोब म्हणाल्या, "ऐकतेय. दोन मुली. पुढे घ्या."

नंतर शिपायाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मॅडम झोपल्या होत्या. दीड वाजला की पंधरा मिनिटं झोपतात. पण बोललेलं सगळं ऐकू येतं त्यांना."

'पुढे घ्या' हा त्यांचा शब्द होता. मजकूर सांगणारा अडखळला की स्टेनोने असं म्हणायची पद्धत कुठेच नाही. उलट आम्हालाच कुणीतरी तसं सांगत असतं. पण अठ्ठावीस वर्षं स्टेनो म्हणून तो शब्द ऐकून ऐकून मॅडमनी तो स्वतःच्या बोलण्यात घेतला होता. कुणी रडगाणं लावलं, कुणी स्वतःची फुशारकी मारली, कुणी मेलेल्या माणसाचे गुण गात बसलं, की त्या मान हलवून म्हणत, "बरं. पुढे घ्या." त्यात कुचेष्टा नव्हती. रोज दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करणाऱ्या माणसाचं ते थकलेलं सौजन्य होतं.

त्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर आई. आई मराठी शाळेत शिक्षिका होत्या. ऐंशीच्या पुढे खुब्याचं हाड मोडलं, मग अर्धांगाचा झटका आला आणि त्या पलंगाला खिळल्या त्या सात वर्षं. बोलणं मात्र शाबूत. मॅडम सकाळी साडेचारला उठत, आईचं सगळं करत, दहाला आईला सांभाळणारी सरिताबाई आली की कोर्टात येत, संध्याकाळी सात वाजता सरिताबाईला सोडत. रात्री आई तासा-तासाला हाक मारायच्या. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी काहीच नाही, नुसतं 'सुलू, आहेस ना?' मॅडमचं नाव सुलभा. भाऊ पुण्यात होता. तो दर रविवारी फोन करून आईला काय खायला घालावं ते सांगायचा.

मी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही दमत नाही?"

"दमते की. पण दमणं हा आजार नव्हे, त्यामुळे त्याची रजा मिळत नाही."

एके दिवशी त्यांच्या नावाने कोर्टात एक पार्सल आलं. एवढं मोठं की शिपायाने ते खांद्यावरून आणलं. उघडल्यावर आतून हिरव्या कापडाची जाड गुंडाळी निघाली आणि ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसे तीन रुंद पट्टे. आमच्यातले एक हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, कोणाच्या लग्नाचा मंडप?" मॅडम शांतपणे माहितीचा कागद वाचत होत्या. म्हणाल्या, "तंबू आहे. तीन झाडांना तीन टोकं बांधायची. जमिनीवर टेकत नाही. अधांतरी लटकतो."

"आणि तुम्ही?"

"मी त्यात लटकणार."

पुढचे चार दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता. पण मॅडमनी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. महिन्यातून एक शनिवार सरिताबाई रात्रभर राहायला तयार झाली होती. दुपारी निघायचं, रविवारी दहा वाजता परत. हॉटेल नको, नातेवाईक नको, लाइट नको, फोन नको. फक्त जागा मिळत नव्हती. आधी त्यांनी स्वतःच्या इमारतीच्या आवारात, दोन नारळ आणि एका आंब्याला बांधून पाहिला, तेव्हा सेक्रेटरी धावत खाली आले होते. "अहो सुलभाताई, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" त्यावर पलंगावरच्या आईने वरून खिडकीतून आवाज दिला होता, "म्हणू दे! माझी मुलगी माकड झाली म्हणून सांगा!"

जागा मिळाली ती भोईरकाकांमुळे. खडवलीला भातसा नदीच्या काठी त्यांची थोडी जमीन होती आणि त्या जमिनीचा दावा आमच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालला होता. तारखेला आले की ते आमच्या खोलीच्या दाराशी बसून राहत. दावा संपेपर्यंत मॅडमनी त्यांच्याकडून कधी चहासुद्धा घेतला नव्हता. निकाल लागला, अपिलाची मुदतही टळली, तेव्हा काका निकालाची नक्कल घेऊन आले, "यान काय लिवलंय ता जरा सांग गं बाय," म्हणाले. मॅडमनी सगळा निकाल त्यांना सोप्या भाषेत वाचून दाखवला. तेव्हा कुणीतरी तंबूची गोष्ट काढली. काका हसले नाहीत. म्हणाले, "माझे वावरान ये. नदीचे कडंला तीन झारां हायेत. तुला कोन इचारनार नाय."

"पण काका, मी तिथे येऊन काही करणार नाही हं. नुसती झोपणार."

"मंग झोप की. झारांचा काय जातंय?"

पहिल्या खेपेला मॅडमनी मला बरोबर नेलं. एकट्याने जायचं त्यांना भय नव्हतं. पट्टा आवळायला तिसरा हात लागतो म्हणून नेलं. शनिवारी दुपारी आम्ही खडवलीला उतरलो, रिक्षाने गावाबाहेर गेलो आणि शेताच्या बांधावरून पंधरा मिनिटं चालत नदीकाठी पोहोचलो. एक जांभूळ, एक करंज, एक आंबा. तिघांमध्ये साधारण सारखं अंतर. मॅडमनी आधी खोडांना जुन्या गोणपाटाचे तुकडे गुंडाळले, म्हणजे पट्ट्याने साल सोलली जाऊ नये. मग पट्टे. मग प्रत्येक पट्ट्यावर मुंग्या मारायच्या खडूची जाड रेघ. आंब्यावर तांबड्या मुंग्यांचं घरटं होतं आणि त्यांच्याशी आमचा काही करार झालेला नव्हता.

तंबू बांधायला आम्हाला दोन तास लागले. पहिल्यांदा एक कोपरा इतका खाली आला की आत शिरल्यावर आम्ही दोघी घरंगळत एकाच टोकाला गेलो आणि मॅडमचं कोपर माझ्या नाकावर बसलं. परत उतरा, परत आवळा. शेवटी तो जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, तिकोनी, ताठ बसला. बुडाला मधोमध एक झडप होती आणि खाली दोरीची शिडी. मॅडम त्या वेळी चोपन्नच्या. साडीऐवजी त्यांनी सलवार-कमीज घातली होती आणि ती त्यांना अजिबात शोभत नव्हती. त्या शिडीवरून वर गेल्या, आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आई गं."

मला वाटलं होतं त्या आता निसर्गाबद्दल काही बोलतील. नदीपलीकडे ऊन उतरत होतं, करंजावर कुठलेसे पक्षी कलकलाट करत होते. मी विचारलं, "मॅडम, हे कुठले पक्षी?"

"मला काय ठाऊक? मी इथे पाखरं बघायला आलेली नाही. मला एकही पाखरू ओळखता येत नाही आणि त्यांनाही मी ओळखता येत नाही. तेच बरं आहे."

डब्यातली थालीपीठं आम्ही पाय खाली सोडून खाल्ली. कुणी चाललं की, कुणी हललं की, सगळा तंबू हलायचा. मला थोडं मळमळल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, "पाळण्यात पण असंच होत असेल. कुणी विचारलंय का बाळांना?" आणि सूर्य पुरता बुडायच्या आत त्या झोपल्या. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतकं झोपताना पाहिलेलं नाही. तोंड उघडं, एक हात डोक्यावर, एक पाय जाळीला टेकलेला. कोर्टातली ती ताठ मान कुठल्या कुठे गेली होती. त्या एकदाही उठल्या नाहीत. सकाळी सातला डोळे उघडले आणि घाबरून म्हणाल्या, "कुणी हाक मारली?" मी म्हटलं, "कुणी नाही." तर त्या पुन्हा पडून राहिल्या.

त्यानंतर नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एक शनिवार, त्या एकट्या जात. फोन घरी, सरिताबाईजवळ ठेवून जात. "तो बरोबर असला की मी झोपत नाही, त्याची राखण करते," म्हणत. सोमवारी ऑफिसात आल्या की गालावर उशीच्या शिवणीचा वळ अजून आहे की काय असं वाटावं इतका चेहरा उजळलेला असायचा. तो बुधवारपर्यंत टिकायचा. आईची त्याला पूर्ण संमती होती. एकदा मी त्यांच्या घरी गेले असता मॅडम जायला कचरत होत्या, आईला थोडा खोकला होता, तर आई म्हणाल्या, "जा गं बाई. मी काय पळून जाणार आहे?" आणि स्वतःच हसल्या.

एकच अट मॅडमनी घालून घेतली होती. सरिताबाईजवळ माझा नंबर होता. "काही झालंच तर हिला कळव. जागा फक्त हिला ठाऊक आहे." मला त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्यावर टाकतेय हे. नको असेल तर आत्ता सांग." मी हो म्हटलं. असल्या गोष्टींना आपण हो म्हणतो तेव्हा त्या घडणार नाहीत असं धरूनच म्हणतो.

तीन वर्षं काही घडलं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाला सरिताबाईचा फोन आला. "ताई, आजी गेल्या वाटतं. मी उठून बघितलं तर हात गार." खालचे डॉक्टर येऊन बघून गेले होते. झोपेतच गेल्या होत्या. सरिताबाईने पुण्याला भावालाही कळवलं होतं. पाठोपाठ भावाचा मला फोन. "ताई कुठे आहे? झाडावर म्हणजे काय?" मी काय सांगणार? भोईरकाकांना फोन लावला, रिंग वाजून वाजून बंद झाली. आदल्या दिवशी त्यांच्या भावकीत हळद होती, सगळं घर झोपलेलं असणार. मुलींचं सासूबाईंवर सोपवून मी निघाले.

बांधावरून चालताना मी दोनदा थांबले. दम लागला म्हणून नाही. काय शब्दांत सांगायचं ते जुळवत होते. पोहोचले तेव्हा साडेसात झाले होते. दव पडलं होतं. तंबू तिथेच, हलत नव्हता. आणि खालून मला मॅडम दिसत होत्या. म्हणजे त्यांचा आकार. ताणलेल्या कापडाला खालून पाठीचा, एका खांद्याचा, टाचांचा उठाव आला होता. एक कोपर जरा बाजूला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मी तिथल्या दगडावर बसले. मनाशी म्हटलं, पाच मिनिटं. आत्ता हाक मारली की या उठतील आणि त्या क्षणापासून सगळे यांना धरतील. कुठे होतीस? का गेलीस? मग तेरा दिवस माणसं, स्वयंपाक, भटजी, दाखले. भाऊ पुण्याहून यायला दहा तरी वाजणार. आईला आता कशाची घाई नव्हती. सात वर्षं या बाईला प्रत्येक हाकेला उठावं लागलं होतं आणि आता ही शेवटची हाक मी मारायची. पाच मिनिटांची दहा झाली. घड्याळाकडे बघत होते, ते खोटं नाही. पस्तीस मिनिटं मी त्या दगडावर बसले होते. मग सूर्य करंजाच्या वर आला आणि मला माझीच लाज वाटली. मी उठून म्हटलं, "मॅडम."

"आले," त्या लगेच म्हणाल्या.

झडप उघडली, पाय बाहेर आले. उतरल्या, चपला घातल्या, माझ्याकडे पाहिलं. "कधी?"

"पहाटे. झोपेत."

त्यांनी मान हलवली. मग पट्टे सोडायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या मॅडम, काका आवरतील." तर म्हणाल्या, "ओला राहिला की बुरशी धरतो." आम्ही दोघींनी तंबू उतरवला, झटकला, घडी घातली. मॅडमच्या पिशवीत रुमालात बांधलेली बोरं होती. आदल्या संध्याकाळी काकांच्या बांधावरून वेचलेली. आईंना दात नव्हते, पण त्या बोर तोंडात धरून तासभर चघळत बसायच्या.

घरी पोहोचायला अकरा वाजले. भाऊ, वहिनी, एक मावशी आधीच आले होते. दारातच मावशी म्हणाल्या, "शेवटचं पाणी घालायला लेक नाही. लेक झाडावर!" भाऊ मला म्हणाले, "तुम्हाला सहाला कळलं ना? मग इतका वेळ?" मी म्हटलं, वाट चुकले. मॅडम माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि आईच्या उशाशी बसल्या. मावशी त्या दिवशी आणि पुढे तेराव्यापर्यंत जे काही बोलल्या ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. 'पुढे घ्या' एकदाही म्हणाल्या नाहीत.

आता तरी मॅडमना झोप मिळेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. तीन महिन्यांत त्या खंगल्या. दुपारच्या पंधरा मिनिटांतही डोळे उघडेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "तासा-तासाला जाग येते गं. आई हाक मारत नाही म्हणून जाग येते." तंबूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मला तर तो शब्दच नको होता. मावशींच्या प्रत्येक शब्दात पस्तीस मिनिटं माझी होती आणि ती मॅडमच्या नावावर चढली होती. रोज शेजारच्या टेबलावर बसून मी ते गिळत होते. पुढच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी त्यांच्या उघड्या पर्समध्ये मला मुंग्यांच्या खडूचं पाकीट दिसलं. सोमवारी त्या आल्या, चेहरा तसाच ओढलेला. पण दीड वाजता झोपल्या.

गेल्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. हेडक्लार्कनी मंडपाचा विनोद पुन्हा केला, सगळे हसले, मॅडमही हसल्या. साडेपाचला खोली रिकामी झाली. त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या. नौपाड्यातली भाड्याची जागा सोडून त्या भावाच्या आग्रहाने पुण्याला जाणार होत्या, पुन्हा रोज भेट होणार नव्हती. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. वाट चुकले नव्हते. साडेसातला पोहोचले होते. खाली बसून राहिले. तुम्हाला लोकांनी जे ऐकवलं त्यातला एक वाटा माझा होता, आणि मी तो कधी उचलला नाही.

मॅडम ड्रॉवरमधल्या टाचण्या डबीत भरत होत्या. त्या थांबल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी जागी होते."

त्यांनी राहिलेल्या टाचण्या डबीत टाकल्या.

"बांधावर तुझी पावलं ऐकली. दोनदा थांबलीस. रविवारी सकाळी तू दुसऱ्या कशासाठी येणार? मला कळलं. मग वाट बघत राहिले, आता हाक मारेल, आता मारेल. तू मारलीच नाहीस. दगडावर बसल्याचा आवाज आला. मग मीही पडून राहिले."

"पण मग तुम्ही उतरला का नाहीत?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं. आवाज नेहमीसारखाच होता, सांगितलेला मजकूर वाचून दाखवताना असायचा तसा.

"तू सांगेपर्यंत आई गेलेली नव्हती, वैशाली. सात वर्षांत तिच्यासाठी मला काही ना काही करावंच लागलं. औषध, पाणी, भांडं, चादर. तिचा नुसता विचार करत पडून राहायला कधी वेळच झाला नाही. तो त्या सकाळी मिळाला. तू दिलास. त्याबद्दल लोक जे बोलले ते मला स्वस्तात पडलं."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. पाच-दहा मिनिटं त्या माझं रडणं संपायची वाट बघत बसल्या, घाई न करता. मग शाल पिशवीत कोंबली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तू ने. मला पुण्याला ओझं नको."